कोडचं चावडी-वाचन

संध्याकाळी सातनंतर माल गोदामाबाहेर पडला, तर चलनावर दुसऱ्या दिवसाची तारीख घालायची. वडप्याच्या एका शेडमधल्या जुन्या प्रोग्रामात हा नियम मला सापडला. इनमिन तीन ओळी. घड्याळ बघा, एकोणीसच्या पुढे गेलं असेल तर तारखेत एक मिळवा, आणि हे फक्त ठरावीक पार्ट्यांना लावा. का, ते कुठेच नव्हतं. ज्यानं लिहिलं तो मुलगा वीसेक वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेला होता, आणि त्याचं आडनाव काय होतं यावरही ऑफिसात दोन मतं होती.

वडपे हे भिवंडी तालुक्यातलं, मुंबई–नाशिक रस्त्यावरचं गाव. सरकारी कागदांत ते गाव म्हणून कमी आणि टोक म्हणून जास्त येतं. चौपदरीकरण झालं ते ‘वडपे ते गोंदे’, सुमारे 100 किलोमीटर. ठाण्याकडचं रुंदीकरण ‘माजिवडा ते वडपे’, 24 किलोमीटरच्या आसपास. शेजारच्या आमण्याला 5 जून 2025 पासून समृद्धी महामार्ग येऊन टेकला आहे. 2010 साली राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक बदलले आणि जुना 3 नंबर पंजाब-हिमाचलकडे लेहच्या रस्त्याला गेला, पण इथले ड्रायव्हर अजून ‘एनएच थ्री’च म्हणतात. त्या प्रोग्रामातही मार्गाच्या रकान्यात तेच होतं.

माझं काम सांगायला सोपं होतं. शेडचा सगळा हिशोब डॉसवरच्या फॉक्सप्रोमध्ये चालत होता, तो नव्या सॉफ्टवेअरमध्ये न्यायचा. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक तालुक्याच्या गावी फॉक्सप्रो शिकलेला एखादा मुलगा असायचा. पतपेढी, दूध सोसायटी, ट्रान्सपोर्टवाला, सगळ्यांचे प्रोग्राम त्याच्याच हातचे. मायक्रोसॉफ्टनं 1992 साली फॉक्सप्रो विकत घेतलं, 2004 मध्ये शेवटची आवृत्ती काढली आणि जानेवारी 2015 मध्ये आधार देणं थांबवलं. वडप्यातल्या प्रोग्रामाला यातलं काही कळलं नव्हतं. नव्या विंडोजवर तो उघडतच नाही, म्हणून त्याच्यासाठी एक म्हातारा संगणक मुद्दाम जिवंत ठेवलेला. त्याच्यावर प्लास्टिकचं कव्हर आणि कव्हरवर हळदकुंकू. मूळ कोडची फ्लॉपी गेली होती, उरली होती फक्त यंत्रासाठी तयार केलेली फाइल.

मालकांची पहिली शंका रास्त होती. हे असं उलटं उकलणं कायद्याला चालतं का? चालतं, पण मर्यादेत. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 1999 साली दुरुस्ती झाली आणि कलम 52 मध्ये काही सवलती आल्या. प्रोग्राम रीतसर आपल्याकडे असेल, तर त्यामागच्या कल्पना आणि तत्त्वं समजून घेण्यासाठी त्याच्या कामाचं निरीक्षण, अभ्यास, चाचणी करता येते. आपला स्वतंत्रपणे लिहिलेला प्रोग्राम त्याच्याशी जुळवायला जी माहिती लागते आणि सहजी मिळत नाही, ती काढण्यापुरतीही मुभा आहे. नक्कल करून विकायला नाही.

फॉक्सप्रोची एक गंमत आहे. तयार फाइलमध्येही ते रकान्यांची आणि चलांची नावं पुसत नाही. त्यामुळे रीफॉक्ससारखं हत्यार लावलं की बराचसा कोड जसाच्या तसा परत येतो. लिहिणाऱ्यानं माणसांसाठी लिहिलेले शेरे मात्र येत नाहीत. म्हणजे काय करायचं ते सगळं हाती लागतं आणि का करायचं ते नेमकं गळून पडतं. मला तर त्या मुलानं शेरे लिहिले होते की नाही, हेही कधी कळणार नाही. रकान्याच्या नावाला दहाच अक्षरांची मुभा, त्यामुळे नावंही अर्धी मराठी, अर्धी इंग्रजी आणि स्वर गिळलेली. हमाली, वाराई, जकात हे शब्द रोमन लिपीत आखडून बसलेले.

आता मुद्द्यावर येतो. अस्तित्वात असलेल्या सॉफ्टवेअरची बांधणी, म्हणजे ज्याला धंद्यात आर्किटेक्चर म्हणतात ती, कोडमधून परत मिळवता येते असं आम्ही लोक छातीठोकपणे सांगतो. तीस वर्षं हेच काम करून माझं मत असं झालंय की ती कोडमध्ये नसतेच. माणसं जे सांगतात त्यातही ती नसते. दोन्ही समोरासमोर ठेवले आणि कुठे पटत नाही ते पाहिलं, की त्या न पटण्याच्या जागी ती दिसायला लागते.

मराठी वाचकाला हे नवं वाटू नये. 1898 साली वि. का. राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, तेव्हा त्यांचा झगडा हाच होता. पानिपताच्या काळातली प्रत्यक्ष पत्रं त्यांच्या हाती लागली होती आणि त्या पत्रांपुढे बखरी किती डळमळतात, हे त्यांनी प्रस्तावनेत हातचं न राखता दाखवलं. बखर घडून गेल्यावर लिहिली जाते, बहुतेकदा कुणाच्या तरी सांगण्यावरून, आणि तिला गोष्ट नीट लागायला हवी असते. पत्राला गोष्टीची फिकीर नसते. दाणावैरण संपली, अमुक तारखेला अमुक ठिकाणी मुक्काम, एवढंच ते सांगतं. पुढची बारा वर्षं रुमालात बांधलेले असले कागद गोळा होत राहिले आणि 1910 मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं.

सॉफ्टवेअरचे दस्तऐवज म्हणजे बखरी. यात मी त्यांची हेटाळणी करत नाही. डेव्हिड पार्नास आणि पॉल क्लेमेंट्स यांनी 1986 मध्ये मोकळेपणानं मांडलं होतं की कुठलाही प्रोग्राम आखीव-रेखीव पद्धतीनं घडत नाही, पण तो तसा घडला असं दाखवणारे कागद नंतर तयार करावेत, कारण वाचणाऱ्याला त्याचाच उपयोग होतो. सभासदानं जिंजीला बसून राजारामांसाठी शिवछत्रपतींचं चरित्र रचलं, तेही नंतरच. हेतू वाईट नव्हता. मात्र आमच्या धंद्यात बखर आणि रुमाल यांच्यातलं अंतर कुणी मोजत नाही. कागद कपाटात राहतो, कोड पुढे जातो.

मग राजवाड्यांचा वारसा सांगणारा एक पंथ निघाला: दस्तऐवज खोटे, माणसं विसरभोळी, कोडच काय तो अस्सल. कोड वाचून यंत्रानंच नकाशा काढावा. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस कॅनडातल्या व्हिक्टोरिया विद्यापीठात रिगी नावाचं असं हत्यार तयार होत होतं. 1990 मध्ये चिकोफ्स्की आणि क्रॉस यांनी या सगळ्या कामाची परिभाषा बांधून दिली. रिव्हर्स इंजिनिअरिंग हा शब्द मुळात यंत्रसामग्रीच्या जगातला. दुसऱ्याचं यंत्र उघडून ते कसं केलं असेल ते ताडायचं. यांनी त्यात एक फरक आवर्जून केला. कोडचंच दुसऱ्या रूपात चित्र काढणं वेगळं, आणि मूळ रचनेचा हेतू परत मिळवणं वेगळं. दुसऱ्या कामाला कोडबाहेरचं ज्ञान लागतं, हे त्यांनी तेव्हाच लिहून ठेवलंय. पंथाच्या अनुयायांनी ते पान उलटून टाकलं.

कोडवरून काढलेल्या चित्राचं काय होतं, याचं उत्तम उदाहरण लिनक्सचं आहे. 1999 साली बोमन, होल्ट आणि ब्रूस्टर यांनी लिनक्सच्या गाभ्याच्या साधारण 8 लाख ओळींतून त्याची बांधणी काढली. पुस्तकं आणि कागद वाचून त्यांनी आधी एक चित्र काढलं होतं. सात विभाग, प्रत्येकाचं काम ठरलेलं, मोजके दुवे. कोडमधून दुसरं चित्र निघालं तेव्हा जवळजवळ प्रत्येक विभाग दुसऱ्या प्रत्येकाशी जोडलेला दिसला. दुसरं चित्र खरं होतं. आणि नुसतं तेवढंच हातात असतं, तर त्याचा उपयोग शून्य होता. सगळं सगळ्याशी जोडलेलं आहे हे कळून माणसाला काय कळतं? दोन्ही चित्रं शेजारी ठेवल्यावर जे दुवे असायला नको होते ते उठून दिसले. ते कुणी वेग वाढवायला घातले होते, तर कुणी घाईत.

माझ्या वडप्याच्या प्रोग्रामाचं यंत्रानं काढलेलं चित्र हुबेहूब असंच आलं. साठ्याचा एक तक्ता मधोमध, आणि आवक, जावक, बिल, हमाली, सगळे त्याच्या अंगावर लिहितायत. कोळ्याच्या जाळ्यावर पाणी मारल्यासारखं दिसत होतं. मालक बघून म्हणाले, “हे तर आम्हालाही माहीत होतं.”

गेल मर्फी, डेव्हिड नॉटकिन आणि केव्हिन सलिव्हन यांनी 1995 मध्ये जी पद्धत मांडली ती मला या सगळ्यांत जास्त शहाणी वाटते. यंत्राला आधी विचारूच नका, असं ती म्हणते. आधी माणसाला विचारा, या प्रोग्रामाचे भाग कोणते आणि कोण कुणाशी बोलतं. तो सांगेल तसं चित्र काढा, चुकीचं असलं तरी चालेल. मग ते कोडवर धरा. काही दुवे जुळतील. काही कोडमध्ये असतील पण माणसानं सांगितलेले नसतील. काही माणसानं सांगितले असतील पण कोडमध्ये नसतील. मग चित्र सुधारा आणि पुन्हा धरा. मायक्रोसॉफ्टमधल्या एका इंजिनिअरनं एक्सेलच्या 10 लाखांहून अधिक ओळी याच रीतीनं समजून घेतल्या, ते 1997 मध्ये प्रसिद्ध झालं.

हे वाचलं तेव्हा मला चावडी आठवली. महसुलाच्या कामात गावाचं दप्तर लोकांसमोर मोठ्यानं वाचायची जुनी रीत आहे. राज्यानं सातबारे संगणकावर घेतले तेव्हा हातानं लिहिलेला उतारा आणि पडद्यावरचा उतारा जुळेना. कुठे क्षेत्र कमी, कुठे वारस गायब, कुठे इतर हक्कांतली नोंद उडालेली. 2017 मध्ये गावोगावी चावडी-वाचन ठेवलं गेलं ते त्यासाठीच. तलाठी वाचणार, लोक ऐकणार, आणि जिथे कुणी “असं नाही हो” म्हणेल तिथे पेन्सिलीची खूण. सगळं बरोबर आहे अशी मान डोलावली गेली तर सभेतून काही निघत नाही. मर्फीबाईंना चावडी माहीत नसणार, पण त्यांनी जे शोधलं ते हेच.

म्हणून मी शेडमध्ये चावडी भरवली. हेडक्लार्क काका, बिलं करणारी मुलगी, गेटवरचा माणूस आणि माथाडी टोळीचा मुकादम. मुकादमाला बोलावल्यावर मालकांच्या भुवया वर गेल्या, पण 1969 च्या माथाडी कायद्यामुळे मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरावी लागते, म्हणजे प्रोग्रामाचा एक पाय त्याच्या अंगणात होताच. आधी त्यांना कोरा कागद दिला. काकांनी चार चौकोन काढले: आवक, जावक, साठा, बिल. चौघांमध्ये पाच बाण. मग मी कोड वाचायला लागलो.

आवक आणि साठा पाच मिनिटांत उरकलं, सगळं जुळत होतं. गेटपासशी गाडी अडकली. गेटपास थेट बिलात जातो असं सगळ्यांनी सांगितलं होतं, आणि कोडमध्ये तसा दुवाच नव्हता. थोडा वेळ एकमेकांकडे बघणं झालं. मग बिलाच्या मुलीनं सांगितलं की रोज सहाच्या सुमाराला चहावाला पोरगा गेटवरचे पास तिच्या टेबलावर आणून टाकतो आणि ती ते एकेक करून टाइप करते. इतकी वर्षं या प्रोग्रामाचा एक मुख्य दुवा चहाच्या किटलीसोबत चालत येत होता. जगातलं कुठलंही हत्यार हा बाण काढू शकलं नसतं.

मग सातचा नियम आला. मी वाचला तेव्हा काका आधी म्हणाले, “असं काही नाही सर.” दोनदा वाचल्यावर ते गप्प झाले. मग हसले.

“जकात.”

पार्टी मुंबईतली असली तर गाडी मुलुंडच्या नाक्यावरून आत जायची. संध्याकाळी उशिरा सुटलेली गाडी रांगेत अडकायची आणि नाक्याची पावती मध्यरात्रीनंतरची, म्हणजे दुसऱ्या दिवसाची पडायची. चलनाची तारीख एक आणि पावतीची दुसरी, अशी पार्टीच्या हिशोबात रोजची कटकट. त्या मुलानं एक दिवस ती तीन ओळींत मिटवून टाकली. ठरावीक पार्ट्या का, तेही कळलं: ज्यांचा माल नाक्याच्या आत जायचा त्या.

मुंबईची जकात 1 जुलै 2017 ला जीएसटीसोबत संपली. नियम नोकरीवर राहिला. दरम्यान गोदामाचं भाडं दिवसावर मोजायला सुरुवात झाली होती आणि ते मोजायला जावक तारखेचाच रकाना घेतला होता. म्हणजे संध्याकाळच्या मालाला एक दिवसाचं भाडं जास्त. 2018 पासून ई-वे बिल आलं तेव्हा त्याची तारीख आणि चलनाची तारीख जुळेना, म्हणून काका चलनावर पेनानं खाडाखोड करून सही करू लागले. पेन हाही या बांधणीचा भाग होता आणि तोही चित्रात नव्हता. मी विचारलं, जास्तीचं भाडं पार्ट्या देतात कशा? काका म्हणाले, “इतक्या वर्षांत कुणी काही बोललं नाही.” मी ते लिहून घेतलं आणि पुढे गेलो.

इथे जरा थांबून बाहेर बघण्यासारखं आहे. ही शेड इथे का आहे? भिवंडीच्या ग्रामपंचायतींच्या हद्दीत एवढी गोदामं उगवली त्याचं एक मोठं कारण जकातच होतं. मुंबईच्या हद्दीबाहेर, पण मुंबई आणि न्हावाशेवा बंदराच्या आवाक्यात माल ठेवायचा आणि लागेल तेवढाच आत न्यायचा. कारण गेलं. गोदामं मात्र गेली नाहीत. उलट रस्ते, ई-कॉमर्स आणि जीएसटीनंतरची मोठी केंद्रं यांनी त्यांना नवी कारणं दिली. उद्या कुणी उपग्रहाचं चित्र घेऊन वडप्याची बांधणी काढायला बसला तर त्याला पत्र्याची छपरं दिसतील, रस्ते दिसतील. जकात दिसणार नाही. तो म्हणेल, महामार्गाजवळ गोदामं आहेत, साहजिक आहे. हे ‘साहजिक आहे’ फार फसवं असतं.

तसंच माझ्याबाबतीत झालं. चावडीआधी मी तो कोड एका एआयला दिला होता. त्यानं मिनिटभरात सुंदर चित्र काढलं, प्रत्येक भागाखाली परिच्छेद लिहिला, आणि सातच्या नियमाचं स्पष्टीकरणही दिलं: कामकाजाचा दिवस सात वाजता बंद होत असावा, त्यानंतरचे व्यवहार पुढच्या दिवसात धरले जात असावेत. वाचून मी मान डोलावली होती. अतिशय पटण्याजोगं आणि साफ चुकीचं. या यंत्रांवर माझा राग नाही. आठवड्याचं काम ती तासाभरात उरकतात, आणि रीफॉक्सनं दिलेल्या कोडमधले चारशे चल मी हातानं लावत बसणार नव्हतो. पण ती जे लिहितात ती बखर आहे, आणि अस्सल कागदावरून लिहिली म्हणून ती अस्सल होत नाही. जुन्या बखरकाराला निदान दरबारातलं कुणीतरी भेटलेलं असायचं.

माझ्या म्हणण्यावर एक वजनदार आक्षेप आहे आणि तो टाळून चालणार नाही. सांगणारी माणसंच उरली नसतील तर चावडी कुठे भरवायची? पीटर नाउर या डॅनिश शास्त्रज्ञानं 1985 मध्ये याचं उत्तर दिलं आणि ते निष्ठुर आहे. प्रोग्राम म्हणजे कोड नव्हे, तो लिहिणाऱ्यांच्या डोक्यात तयार झालेली समज म्हणजे प्रोग्राम. ती समज असलेली माणसं पांगली की प्रोग्राम मेला, कोड चालत असला तरी. केवळ कागदांवरून ती समज पुन्हा उभी करणं अशक्य, असं तो म्हणतो. त्यानं दिलेलं उदाहरण एका कंपायलरचं आहे. मूळ गटानं तो दुसऱ्या गटाला कोड, कागद आणि सल्ल्यासकट दिला. दुसऱ्या गटानं वाढवण्यासाठी ज्या युक्त्या सुचवल्या, त्या मूळ बांधणीतच असलेल्या सोयी न ओळखता ठिगळं लावणाऱ्या होत्या, आणि मूळ गटाला ते पाहताक्षणी कळायचं. पुढे काही वर्षांनी, मूळ गट दूर गेल्यावर, त्या गटातल्या एकाला त्या कंपायलरची माहिती मिळाली, तेव्हा मूळ रचना दिसत होती, पण ठिगळांनी निकामी केलेली.

नाउरशी मी नव्वद टक्के सहमत आहे. उरलेल्या दहा टक्क्यांवर माझं पोट चालतं. त्यानं फक्त लिहिणाऱ्यांचा विचार केला. वापरणाऱ्यांच्या अंगातही समज मुरलेली असते, भले ती त्यांना शब्दांत सांगता न येवो. काकांनी एक ओळ कोड लिहिलेला नाही, आणि विचारल्यावर पहिल्यांदा ते “असं काही नाही”च म्हणाले. त्यांना खुलं मैदान देऊन “सांगा, प्रोग्राम कसा चालतो” विचारलं असतं तर त्यांनी चार चौकोन सांगितले असते आणि थांबले असते. चुकीच्या चौकोनाला कोडची ठेच लागली, तेव्हा कुठे तोंडातून जकात आली.

आपल्याकडे या आठवणीची किंमत कमी का, याचा मी पुष्कळ विचार केलाय. टीसीएस 1968 साली मुंबईत सुरू झाली. 1981 साली पुण्यात टाटांचं टीआरडीडीसी हे संशोधन केंद्र उभं राहिलं, आणि त्याच वर्षी त्याच शहरात इन्फोसिसचा जन्म झाला. कोड वाचणारी, त्यातल्या चुका हुडकणारी हत्यारं टीआरडीडीसीत घडली. मग वाय-टू-के आलं. दोन आकड्यांत लिहिलेलं वर्ष चार आकड्यांचं करायला सीप्झपासून पुण्यापर्यंत हजारो मराठी पोरांनी जगभरातल्या बँकांचे आणि विमा कंपन्यांचे कोबॉल प्रोग्राम ओळ न् ओळ चाळले. पुष्कळ ठिकाणी रकाना वाढवणं परवडत नव्हतं, म्हणून खिडकी ठेवली गेली: अमुक आकड्याच्या आतलं वर्ष असेल तर 2000 नंतरचं समजा. तीही तीन ओळींचीच युक्ती, आणि तिची कारणं कुणाच्या लक्षात आहेत ते उद्याचे वाचणारे सांगतील.

दुसऱ्याचा कोड वाचण्यात या पिढीसारखी तालीम जगात कुणाला मिळाली नसेल. पण ज्यांचा कोड वाचायचा ती माणसं सातासमुद्रापार होती. चावडी भरवायची सोयच नव्हती, कोड हेच सर्वस्व होतं, आणि कोडवर विसंबायची सवय लागली. माणसाकडून समजून घेण्यासाठी आम्ही एक वेगळा विधी काढला, त्याचं नाव केटी. ज्ञान-हस्तांतर. जाणारा माणूस दोन आठवडे स्लाइड दाखवतो, येणारा माना डोलावतो, सगळं रेकॉर्ड होतं आणि पुन्हा कुणी बघत नाही. ती ऐन शपथेवर सांगितलेली बखर असते. मुंबई विद्यापीठात शिकलेल्यांना केटीचा दुसरा अर्थ माहीत आहे, विषय राहून जाणं, आणि मला तो जास्त चपखल वाटत आलाय. केटीत जाणाऱ्यानं बोलण्याऐवजी येणाऱ्यानं काढलेलं चुकीचं चित्र समोर ठेवावं आणि जाणाऱ्याला फक्त “असं नाही हो” म्हणू द्यावं. दोन आठवड्यांचं काम दोन दिवसांत होईल. हे मी तीन ठिकाणी सुचवलं. तिन्ही ठिकाणी सांगितलं गेलं की स्लाइडचा नमुना ठरलेला आहे.

यातलं दुसरं अवघडपण प्रतिष्ठेचं आहे. नवं बांधणाऱ्याला मान, जुनं वाचणाऱ्याला ‘मेंटेनन्सवाला’. हे आपण सॉफ्टवेअरमध्येच करतो असं नाही. पण सॉफ्टवेअरमध्ये जुनं न वाचता नवं बांधलं की ते जुन्याचीच जकात नव्या रंगात घेऊन येतं, किंवा ती काढून टाकताना तिच्यावर टेकलेलं काहीतरी सोबत पडतं.

वडप्यात नवं सॉफ्टवेअर बसलं. गेटपासचा दुवा आता तारेतून जातो, आणि चहावाल्या पोराचं एक काम कमी झालं. चलन आणि ई-वे बिल एकाच तारखेचं निघतं आणि काकांचं पेन खिशात राहतं. सातचा नियम मी काढून टाकला. काकांच्या आणि मालकांच्या सह्या घेऊन, कारणासकट लिहून ठेवून.

महिन्याभरात नाक्याच्या आतल्या एका जुन्या पार्टीच्या अकाउंट्समधून फोन आला. बिल जुळत नव्हतं. संध्याकाळच्या प्रत्येक मालामागे बरोबर एक दिवसाच्या भाड्याचा फरक, आणि त्यांच्या हिशोबानं ते आमच्यापेक्षा कमी देणं लागत होते. त्यांना वाटलं, चूक आमच्या नव्या प्रोग्रामात आहे. मी त्यांना त्यांचा प्रोग्राम बघायला सांगितलं. दोन दिवसांनी त्यांचाच परत फोन. वडप्याहून आलेलं चलन असेल आणि माल सातनंतर सुटलेला असेल, तर त्यांच्याकडे भाड्यातून एक दिवस वजा होत होता. कधीपासून, कुणी घातलं, त्यांच्याकडे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांनी मला विचारलं, तुमच्याकडे कुणाला माहीत असेल का?